प्रेमाबाईंची ओळ

मी नरसिंहराव, मिशनच्या शाळेतला कारकून. अठ्ठावीस वर्षं त्या खुर्चीत बसलो. लोक म्हणायचे, हा बेळगावकडचा देशस्थ ब्राह्मण बंगळुरात येऊन पाद्र्यांच्या शाळेत काय करतो? अहो, करतो काय म्हणजे? इतिवृत्तं लिहितो, दाखले लिहितो, घंटा चुकली की शिपायावर ओरडतो. माझं अक्षर चांगलं, मराठी, कानडी आणि इंग्रजी तिन्ही येतात, म्हणून ठेवलं त्यांनी. आणि त्या चांगल्या अक्षरानंच मी एका बाईचं वाटोळं केलं. आता म्हातारपणी हे सांगून टाकावं असं वाटतं, पण सांगून काय होणार, कप्पाळ!

प्रेमाबाई आढाव निपाणीच्या. त्यांचे आजोबा ख्रिस्ती झाले, वडील मिशनच्या दवाखान्यात कंपौंडर म्हणून बंगळुराला आले आणि इथेच राहिले. बाईंनी लग्न केलं नाही. मल्लेश्वरमच्या उतारावर आमचं कंपाउंड, त्यात मागच्या बाजूला फणसाच्या झाडाखाली कौलारू पडवी, आणि त्या पडवीत त्यांचा बालवर्ग. सदतीस सालापासून. चार ते सहा वर्षांची पोरं. फुलं विकणाऱ्यांची, भांडी घासणाऱ्यांची, गिरणीत जाणाऱ्यांची. दाखला नको, परीक्षा नको, चप्पल नको. आलं पोर की घेतलं. पोरं कानडी, तमिळ, तेलुगू, मराठी, काय वाट्टेल ते बोलायची, आणि बाईंना सगळे अक्का म्हणायचे. मुख्याध्यापकसुद्धा कधी कधी चुकून अक्का म्हणून जायचे.

बाईंची एक रीत होती. सकाळी हजेरी झाली की जी पोरं आली नसतील त्यांची नावं घेऊन त्या प्रार्थना करायच्या. मोठ्यानं, एकेकाचं नाव घेऊन. आणि मधल्या सुट्टीत छत्री घेऊन त्याच पोरांच्या घरी जायच्या. मी एकदा चिडवलं, ‘‘बाई, देवाला सांगितलंत ना सकाळी? मग परत पायपीट कशाला?’’

‘‘देव सांगतोय, तूच जा म्हणून,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तुमच्या देवाला पण सांगून ठेवा, नरसिंहराव. दोघांनी मिळून लक्ष ठेवलं तर बरं.’’

अशी बाई. हट्टी, पण तोंडानं गोड. मला त्यांचा राग कधी आला नाही, आणि मला तर उकाड्याचाही राग येतो.

एकोणसाठ साली शाळा चालवणाऱ्या आमच्या म्हाताऱ्या गोऱ्या मिसबाई आपल्या देशात परत गेल्या. शाळा आपल्या माणसांच्या हाती आली. एकसष्टात रेव्हरंड रत्नाकर साहेब मुख्याध्यापक झाले. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगतो. चाळिशीचा, हसरा, पोरांच्या खेळात धोतर, म्हणजे पँट, खोचून उतरणारा. अमेरिकेत वर्षभर शाळा चालवायचं शिक्षण घेऊन आला होता. आल्या आल्या त्यानं सगळ्या शिक्षकांना बसवलं आणि फळ्यावर तीन शब्द लिहिले: ध्येय, दृष्टी, योजना. ‘‘देशाला पंचवार्षिक योजना आहे. आपल्या शाळेला का नको?’’ म्हणाला. ‘‘परदेशातली मदत पाच वर्षांत थांबणार आहे. आपण कुठे जायचं, कशासाठी जायचं, हे आत्ताच ठरवलं नाही, तर शाळा राहणार नाही.’’

खरंच होतं ते. बाजूला नवनवे सरकारी कारखाने उभे राहत होते, पुण्या-मुंबईचे इंजिनिअर येऊन राहत होते, आणि त्या सगळ्यांना पोरांसाठी इंग्रजी शाळा हवी होती. रोज कुणी तरी माझ्या खिडकीशी येऊन विचारायचं.

मग साहेबांनी प्रत्येकाला एक कागद दिला. ‘‘आपली शाळा कशासाठी आहे, एका वाक्यात लिहा. सगळ्यांत चांगलं वाक्य ते आपलं ध्येय.’’ लोकांनी काय काय लिहिलं म्हणता! सर्वांगीण विकास काय, चारित्र्य काय, राष्ट्राची उभारणी काय. ड्रॉइंग मास्तर बिंदुमाधवांनी तर दोन्ही बाजू भरून काढल्या आणि वर वाक्य एकच आहे म्हणून भांडले. प्रेमाबाईंनी मात्र मराठीत एवढंच लिहिलं: ‘ज्यांना दुसऱ्या कुठल्या दारातून आत घेत नाहीत, त्यांच्यासाठी हे दार उघडं असावं.’

साहेबांनी ते वाचलं, चष्मा काढला, परत वाचलं. त्यांचे डोळे ओले झाले होते, मी पाहिलं. त्यांनी तिथल्या तिथे त्याचं इंग्रजी केलं आणि टाळ्या वाजल्या. बाई लाजून पदर ओढून बसल्या. शाळेचं ध्येय ठरलं. मला वाटलं, चला, एक काम तरी बरं झालं.

योजना करायला मात्र समिती बसली. मुख्याध्यापक, तीन चर्चची माणसं, दोन पालक आणि शिक्षकांतर्फे प्रेमाबाई. तीन महिने बैठका. आणि बासष्टच्या फेब्रुवारीत जी योजना तयार झाली तिच्यात चौथं कलम असं होतं: बालवर्ग जूनपासून बंद, त्या जागी इंग्रजी पूर्वतयारी वर्ग, प्रवेश परीक्षा घेऊन. पडवी पाडून तिथे नवी खोली.

आदल्या दिवशी मी मसुदा टंकत होतो तेव्हा बाई माझ्या टेबलाशी आल्या. एकतीस पोरं होती त्यांच्या वर्गात त्या साली. ‘‘मी उद्या बोलणार, नरसिंहराव,’’ त्या म्हणाल्या. ‘‘सगळं लिहून काढलंय. पोरं कुठून येतात, पुढे काय होतात. हे कलम काढायलाच लावते.’’

‘‘बोला की,’’ मी म्हणालो. ‘‘तोंड दिलंय देवानं. उद्या गप्प बसलात तर मग कुणाच्या नावानं खडे फोडणार?’’

काय बोललो मी! ते शब्द अजून कानात आहेत.

आता त्या समितीची एक पद्धत तुम्हाला सांगायला हवी, नाही तर पुढचं कळायचं नाही. त्या लोकांत वाद झाला, आवाज चढला, की अध्यक्ष म्हणतात, आपण प्रार्थना करूया. आणि प्रार्थना करायला सांगतात ती ज्याचा विरोध असेल त्यालाच. मोठेपणा देतात म्हणा, किंवा काही म्हणा. प्रार्थना संपली, आमेन झालं, की विषय संपला. त्यानंतर कुणी तोंड उघडत नाही. देवासमोर ठेवलेली गोष्ट परत माणसांनी उचलायची नाही, असा त्यांचा समज. मी पाच-सहा वेळा पाहिलं होतं. बाईंनी तर माझ्या दसपट वेळा पाहिलं असेल.

बैठकीत चौथं कलम आलं. बाई उभ्या राहिल्या, कागद उलगडला. दोन वाक्यं झाली असतील. एक पालक, कारखान्यातला मोठा अधिकारी, म्हणाला, ‘‘आमच्या मुलांच्या शेजारी कसली कसली मुलं...’’ बाईंचा आवाज चढला. आयुष्यात पहिल्यांदा चढलेला ऐकला मी. ‘‘कसली म्हणजे? कसली, सांगा ना!’’ चर्चचे संताजीराव मध्ये पडले, साहेब दोघांना हात दाखवू लागले, गलका झाला. आणि साहेब अगदी हळू आवाजात म्हणाले, ‘‘अक्का, तुम्हीच प्रार्थनेनं शेवट करा.’’

बाई कागद हातात धरून उभ्याच. मला वाटलं, नाही म्हणतील. म्हणा नाही, म्हणा नाही, असं मी मनात म्हणत होतो. पण पंचवीस वर्षं रोज प्रार्थना करणारी बाई, प्रार्थना करा म्हटल्यावर नाही कशी म्हणणार? त्यांनी डोळे मिटले. मला पुढे त्यांनी सांगितलं, त्यांच्या मनात आलं की माणसं ऐकत नाहीत तर त्यांच्यासमोर देवालाच सांगू, म्हणजे माणसांनाही ऐकावं लागेल.

आणि त्यांनी एकतीस नावं घेतली. कागद न बघता. कल्लाप्पा, आई भांडी घासते. यल्लू, बाप गेला. चंपा, गंगव्वाची, चार वर्षांची, आई देवळापुढे फुलं विकते, पोर दिवसभर टोपलीजवळ बसून असतं. एकेक नाव, एकेक घर. खोलीत कुणी हललं नाही. त्या अधिकाऱ्यानंसुद्धा मान खाली घातली. संताजीराव नाक ओढत होते. मला वाटलं, जिंकल्या! बाई जिंकल्या!

शेवटी त्या थांबल्या, श्वास घेतला आणि रोजच्या सवयीनं म्हणाल्या, ‘‘बापा, माझं म्हणणं मी सांगितलं. पण तुझ्या मनात असेल तसंच होऊ दे.’’

‘‘आमेन!’’ सगळे एका सुरात म्हणाले.

साहेबांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, ‘‘लिहा, नरसिंहराव. योजना प्रार्थनापूर्वक, एकमतानं मंजूर.’’

बाईंनी डोळे उघडले. कागद अजून हातातच होता. त्यांनी साहेबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला तेव्हा काय करता आलं असतं? पेन खाली ठेवता आलं असतं. ‘‘साहेब, मत कुठे घेतलंत?’’ एवढं विचारता आलं असतं. घरी बायको, तीन पोरं. मी मूग गिळले आणि लिहिलं. चांगल्या अक्षरात लिहिलं. खाली असंही लिहिलं की श्रीमती आढाव यांनी योजनेला प्रार्थनेनं आशीर्वाद दिला. ते तर मला कुणी सांगितलंही नव्हतं. तशी लिहायची पद्धत होती म्हणून हात चालला.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या. ‘‘नरसिंहराव, मी आशीर्वाद नव्हता हो दिला.’’

‘‘माहीत आहे, बाई.’’

‘‘मग ते बदला ना.’’

‘‘सह्या झाल्या,’’ मी म्हणालो. ‘‘आता पुढच्या बैठकीत तुम्हीच उभं राहून सांगा, चूक झाली म्हणून.’’

त्या दाराशी जाऊन वळल्या. मग म्हणाल्या, ‘‘काय सांगू? की देवाच्या मनात असेल तसं होऊ दे म्हणाले, ते खोटं म्हणाले?’’ आणि निघून गेल्या. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय!

जूनमध्ये पडवी पाडली. फणस राहिला. बाईंना पुस्तकांच्या खोलीत बसवलं. साहेब त्यांच्याशी फार मानानं वागायचे, आणि त्याचाच मला जास्त संताप यायचा. एकदा मला म्हणाले, ‘‘शाळा आधी पायावर उभी राहू द्या, नरसिंहराव. मग गरिबांसाठी दहा वर्ग काढू.’’ मनापासून म्हणाले. पण पुढच्या योजनेतही ते आलं नाही, आणि त्याच्या पुढच्यातही.

त्रेसष्टच्या जानेवारीत फाटकाशी काळा दगड बसवला. त्यावर सोनेरी इंग्रजी अक्षरांत शाळेचं ध्येय. बाईंचीच ओळ. बिशप आले, हार घातले, बाईंना पहिल्या रांगेत बसवलं. मी मागे उभा राहून दात खात होतो.

बाई काही स्वस्थ बसल्या नाहीत. कंपाउंडातल्या त्यांच्या खोलीच्या ओसरीवर चंपाला घेऊन बसायच्या, रोज दुपारी. बाकीची पोरं पांगली, कुणी कामाला लागली, कुणी गावाकडे गेली. ही एक राहिली. वर्षभरात पोर नाव लिहायला शिकली, शंभरपर्यंत आकडे, कानडी बाराखडी. ‘‘हिला परीक्षेला बसवणार,’’ बाई म्हणाल्या. ‘‘परीक्षा हवी ना त्यांना? देऊ की परीक्षा!’’ त्यांच्या डोळ्यांत मी किती दिवसांनी काही तरी पाहिलं. एवढी एक पोर आत गेली पाहिजे, यावर त्यांनी सगळा जीव लावला होता.

परीक्षा इंग्रजीत झाली. चित्र दाखवायचं आणि इंग्रजीत विचारायचं, हे काय? पोरीनं चित्रं सगळी ओळखली. कानडीत सांगितली, दोन मराठीत. परीक्षा घेणाऱ्या नव्या बाईंनी प्रत्येक चित्रासमोर शून्य लिहिलं. इंग्रजी उत्तरालाच गुण, असा नियमच होता, त्यांना तरी काय बोलायचं.

यादी मीच लिहिली, मीच फाटकाशी फळ्यावर लावली. सकाळचे दहा वाजले होते, गर्दी होती, मोटारी उभ्या होत्या. प्रेमाबाई आल्या, छत्री हातात, एका बाजूला गंगव्वा फुलांची टोपली डोक्यावर घेऊन, मध्ये चंपा. पोरीला बाईंनी स्वतः शिवलेला निळा झगा घातला होता, केसांत अबोली. बाईंनी यादी वरून खाली वाचली, खालून वर वाचली. मग तिथेच थांबल्या, फळ्यावर हात ठेवून.

गंगव्वाला वाचता येत नव्हतं. तिनं माझ्याकडे पाहिलं. ‘‘अण्णा, आहे का हो पोरीचं नाव?’’

‘‘नाही, गंगव्वा.’’

तिनं इकडे तिकडे पाहिलं. लोक यादीत बोट घालून नावं शोधत होते, हसत होते. मग तिला फाटकाशी तो काळा दगड दिसला, सोनेरी अक्षरांचा. तिचा चेहरा एकदम उजळला.

‘‘अहो, तिकडं पण लिहिलंय की! स्वल्प, जरा बघा ना अण्णा. त्या दगडावर असंल बघा आमच्या चंपाचं.’’

प्रेमाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी दगडाकडे गेलो. गंगव्वाला खरं वाटावं म्हणून मी ती ओळ पहिल्यापासून शेवटपर्यंत बोट ठेवून वाचली. मग परत आलो.

‘‘नाही गं,’’ मी म्हणालो. ‘‘तिथंही नाही.’’

‘‘सरी, बरं,’’ ती म्हणाली, टोपली सावरली आणि पोरीचा हात धरून देवळाकडे निघाली. बाई छत्री उघडून त्यांच्या मागे गेल्या, आणि मी पुढच्या माणसाचा अर्ज घेतला.