गोपाळराव मास्तरांचा रोममधला मुक्काम

धरमपेठेतल्या एका शाळेत गोपाळराव मास्तर इतिहास शिकवायचे. शिकवायचे म्हणजे काय, जूनमध्ये पोरांना घेऊन ग्रीसला निघायचे आणि मार्चपर्यंत रोममध्येच मुक्काम ठोकून बसायचे. पुस्तक चांगलं देशाच्या स्वातंत्र्यापर्यंत होतं. पण मास्तरांचा सिकंदरच दिवाळीपर्यंत मरायला तयार नसे. बाकं सरकवून त्याची फौज उभी करायची, घरून चादरी आणायला लावून पोरांना रोमचे सिनेटर करायचं, आणि त्या सिनेटरांची भांडणं सोडवता सोडवता तास संपायचा. सीझरचा खून फेब्रुवारीत कधीतरी. मग लागलीच परीक्षा.

आणि तरी, बघा, दरवर्षी इतिहासात सगळी पोरं पास. "पाया पक्का पाहिजे गा," मास्तर छाती काढून सांगायचे, "ग्रीस समजला का बाकीचं आपोआप समजते." निकाल हातात असल्यावर हेडमास्तर तरी काय बोलणार?

पण एकाहत्तर साली त्यांची स्वतःचीच लेक, कौसल्या, मॅट्रिकच्या वर्गात त्यांच्यापुढं येऊन बसली. तिला सायन्स कॉलेजात जायचं होतं आणि त्यासाठी फर्स्ट क्लास हवा होता. आता पार्वतीबाई थोड्याच गप्प बसणार! "दुसऱ्याच्या लेकरायचं जाऊ द्या, पोरीसाठी तरी सत्तावनच्या उठावापर्यंत या," असं त्या नवऱ्याला ताट वाढताना रोज ऐकवायच्या. मास्तर हो म्हणायचे. सकाळी तसं ठरवूनही निघायचे. पण वर्गात पाऊल टाकलं की सीझर नदीकाठी ताटकळलेला दिसायचा, आणि त्याला तसंच टाकून पुढं जाणं त्यांच्या जिवावर यायचं. पोरीचं नुकसान होतंय हे कळत होतं, वळत मात्र नव्हतं. संध्याकाळी तिच्याकडं पाहायचीही त्यांना चोरी वाटे.

शेवटी फेब्रुवारीतल्या एका रविवारी ते गणिताच्या मनोहररावांकडे निघाले. मनोहररावांचं वाचन दांडगं होतं. पोरीला पुढचा इतिहास तेवढा सांगाल का, असं त्यांना विचारायचं होतं. इतिहासाच्या मास्तरनं गणिताच्या मास्तरापुढं पदर पसरायचा म्हणजे लाजच की. पण लेकीसाठी तीही गिळायची त्यांनी तयारी केली.

मनोहररावांच्या दारात चपलांचा ढीग पडला होता. त्यातल्या एका चपलेचा अंगठा मास्तरांनी स्वतःच्या हातानं सुतळीनं शिवलेला होता. कौसल्या तर शिवण शिकायला प्रेमिलाबाईंकडे जाते म्हणून घरून निघाली होती. आतून मनोहररावांचा आवाज आला, "मागच्या रविवारी मिठाचा सत्याग्रह झाला. आता पुढं." खिडकीतून पाहिलं तर अख्खा वर्ग आत बसलेला. मास्तर आवाज न करता मागं फिरले.

"कधीपासून वं?" लेक घरी आल्यावर त्यांनी विचारलं.

कौसल्येनं मान खाली घातली. "मी यंदाच जाऊन राहिली, बाबा. पण शाळेतले पोरं दरसाल जाते. आठ-नऊ वर्षं झाले."

"अन् मले कोणी सांगितलं काहून नाही?"

"तुमाले समजलं असतं तर तुम्ही घाईघाईनं रोम संपवला असता. मग सीझर आमाले कोण शिकवनार होतं?"

मास्तर त्या दिवशी जेवले नाहीत. फार वाईट वाटलं त्यांना. एवढी वर्षं निकालाचा तोरा मिरवला, तो दुसऱ्याच्या मेहनतीवर.

सोमवारी त्यांनी सीझरचा खूनच घेतला. पहिला वार झाला, दुसरा झाला. वार करणारी सगळी ओळखीचीच माणसं. शेवटी सीझरनं आपल्या सगळ्यात जवळच्या माणसाकडं पाहिलं, असं म्हणत मास्तरांनी मान वर केली, तर समोर कौसल्या. अंगावरच्या चादरी सावरत पोरांनी माना खाली घातल्या. कौसल्येच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मग पुढं काय झालं, सर?" तिनंच कसंबसं विचारलं.

मास्तरांनी पुस्तक मिटलं.

"पुढचं मनोहररावायले विचारजो," ते म्हणाले, "अन् मलेबी येऊन सांगजो. मी काही तिथपर्यंत कधी गेलोच नाही."