हिरव्या चिंधीचं कलम

नव्वदच्या दशकात आखातातल्या अझैब्याच्या एका नर्सरीत रत्नागिरीकडचा एक म्हातारा हापूसची कलमं बांधायचा. स्वतःच्या जुन्या हिरव्या लुंगीची चिंधी, ही त्याची खूण. तशीच चिंधी बघून मी बाजारातून स्वस्तात एक कलम घेतलं आणि शहाण्यासारखं त्यालाच दाखवायला नेलं. त्याने पान चुरगळून हुंगलं.

“बाठ्यातून उगवलेला रायवळ हाय, भाऊ. लोक आता लुंग्यासुद्धा माझ्या रंगाच्या घेतात.”

मी चरफडलो. “उपटून फेका!”

त्याने शेंडा छाटला, आपल्या झाडाची काडी त्यावर बांधली. खालची एक फांदी मात्र राखली.

“ही कशाला?”

“हिनं कुणाला फसवलंय?” म्हणाला, आणि रोपाला पाणी घातलं.