साडूंची कोलांटी

जुन्नर आणि आंबेगाव हे दोन तालुके मिळून जमिनीला सगळ्यात कमी पाय लावणारा माणूस कोण, असं मला कुणी विचारलं, तर मी बेलाशक आमच्या साडूंकडं बोट दाखवीन. आणि ते बोट बहुधा वरच्या दिशेला असेल. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. मुक्काम आळे, धंदा मंडप-डेकोरेशनचा, वय चाळिशीच्या घरातलं, पोट बेताचं, मिशी मात्र भरघोस. लांबून बघितलं तर चारचौघांसारखा गृहस्थ. जवळून बघायला सहसा मिळत नाहीत, कारण तोवर ते धुरळा मागं ठेवून पुढं गेलेले असतात. मंचरला माझं औषधांचं दुकान आहे. इतरांचे साडू दिवाळीला येतात, आमचे क्रेप बँडेज संपलं की येतात. "पावणं, रुंदवालं द्या, गुडघा आज जरा रुसलाय," असं हसत हसत सांगतात आणि काउंटरवर पाय ठेवून ते बांधूनही घेतात. मागं थांबलेल्या गिऱ्हाइकांना मी सांगतो, घाबरू नका, घरचेच आहेत.

या सगळ्याचं मूळ त्यांच्या साध्या मोटारसायकलीत होतं. लग्नाची ऑर्डर घ्यायला गावोगाव हिंडायचं, आणि हिंडताना रस्त्यात जे जे उंच दिसेल त्यावरून गाडी घालायची, हा त्यांचा शिरस्ता. गतिरोधक आला की जग वेग कमी करतं, साडू वाढवतात. ऊस भरलेली ट्रॉली पुढं दिसली की पारगावच्या रस्त्यावरचा प्रत्येक माणूस ओव्हरटेक उजवीकडून करावी की डावीकडून याचा विचार करतो. साडू ती वरून उडून ओलांडायला किती उंच भरेल याचा अंदाज घेतात. एकदा आळेफाट्यावरून निमगाव सावाला जाताना मी त्यांच्या मागं बसलो होतो. वाटेत कॅनॉलचा पूल आहे, त्याला मधोमध चांगलं मोठं पोट आलंय. त्या पोटावरून आम्ही दोघं जे सुटलो ते काही काळ कुणाचेच नव्हतो. खाली आलो तेव्हा सीट माझ्या खालीच सापडली ती वाडवडिलांची पुण्याई. "गुदगुल्या झाल्या का न्हाई पोटात?" त्यांनी मोठ्या उत्साहानं विचारलं. मी म्हटलं, "भाऊ, पोट अजून पुलावरच आहे, ते आलं की विचारून सांगतो."

मग कुणीतरी त्यांना पुण्याकडची मोटोक्रॉसची शर्यत दाखवायला नेलं. मातीचा ट्रॅक, उंचवटे, खड्डे, चिखल, आणि त्यावरून किंचाळत जाणाऱ्या गाड्या! साडू परत आले ते देव बघून आल्यासारखे. महिन्याभरात एक जुनी शर्यतीची गाडी टेम्पोतून दारात उतरली. तिला ना दिवा, ना आरसा, ना स्टँड, ना मागं बसायला जागा. ताईंनी, म्हणजे माझ्या मेहुणीबाईंनी, रीतसर हळदकुंकू लावून नारळ फोडला आणि गाडीला एक प्रदक्षिणा घालून विचारलं, "पिशवी कुठं अडकवायची हिला?" सराव गावच्या घाटात चालायचा. घाट म्हणजे बैलगाडा शर्यतीचा चढाचा रस्ता. यात्रेत त्यावर बैल पळतात आणि उरलेलं वर्षभर तो रिकामा पडलेला असतो. साडू त्या चढावर रोज सकाळी धुरळा काढायचे आणि कट्ट्यावरची म्हातारी मंडळी बैलाला जोखावं तसं गाडीला जोखायची. "चाल बरी हाय," एक आजोबा म्हणायचे, "पर वळणाला खांदा टाकती."

पहिल्या शर्यतीला आम्ही जीप भरून गेलो होतो. साडू शेवटून पहिले आले. गाडी पडली नाही, बंद पडली नाही, चुकली नाही. अडचण वेगळीच होती. प्रत्येक उंचवट्यावर बाकीची पोरं गाडी दाबून, जमिनीला चाटून काढत होती, आणि आमचे गृहस्थ मात्र प्रत्येक वेळी मनसोक्त वर जात होते, वरून इकडंतिकडं बघत होते आणि सावकाश खाली येत होते. तोवर शर्यत पुढं गेलेली असायची. जिंकलेल्या पोरानं नंतर अदबीनं समजावलं, "काका, हवेत वेळ जातो. उडायचं नसतं." साडूंना ते मुळीच पटलं नाही. "आरं बाळा, उडायचंच न्हाई तर मग हितवर आलो कशाला? सपाट रस्ता आमच्या दारातनं जातोय की!" पण टाळ्या सगळ्यात जास्त त्यांनाच पडल्या होत्या, हे काही त्यांच्या नजरेतून सुटलं नाही. परतीच्या वाटेवर जीपमध्येच त्यांनी जाहीर केलं, "पळणं बैलाचं काम. आपुन आता निस्तं उडायचं." मोबाइलवर व्हिडिओ बघता बघता त्यांना तसला खेळही सापडला. त्यात पहिलं यायचंच नसतं, फळीवरून सुटायचं, वर गेल्यावर हात सोडायचे, पाय सोडायचे, नाना कसरती करायच्या आणि जमलं तर माणसासकट खाली यायचं.

आता बघा, या खेळाला लागतं काय? चढाची फळी आणि पडायला मऊ जागा. मंडपवाल्याच्या गोदामात दुसरं असतं काय! स्टेजच्या फळ्या वाकवून साडूंनी चढ तयार केला, लग्नाच्या गाद्या पलीकडं अंथरल्या, आणि आमच्या भागातली वऱ्हाडी मंडळी काही काळ टायरच्या नक्षीवर बसून जेवली. एकदा तर कामगारांनी घाईत सरळ फळ्यांऐवजी त्या वाकवलेल्याच टेम्पोत भरल्या. आळ्यातल्याच एका लग्नात स्टेज असं उभं राहिलं, की वधूवरांच्या खुर्च्या मागं कलंडल्या आणि अख्ख्या अल्बममध्ये नवरा-नवरी आभाळाकडं बघतायत. मुलीचे वडील लालबुंद होऊन आले. साडू शांतपणे म्हणाले, "आवो, नजर उंच ठिवायची सवय पयल्याच दिवशी लागली पोरांना, वाईट काय झालं?" मग मात्र हात जोडून माफी मागितली आणि संध्याकाळच्या आत स्टेज सरळ करून दिलं.

हात जोडणं ही तर त्यांची खास कसरत. जगभरातले उडणारे लोक हवेत काय काय करत असतील ते असो, आमचे साडू वर गेले की दोन्ही हात सोडून खालच्या मंडळींना राम राम घालतात. कट्ट्यावरची म्हातारी माणसंही सवयीनं वर बघून "राम राम, राम राम" म्हणतात. ते जमल्यावर साडूंच्या डोक्यात कोलांटी शिरली. गाडीसकट मागच्या बाजूनं अख्खी एक फेरी घेऊन चाकांवर उतरायचं! यासाठी त्यांनी निमगाव सावाला मावसभावाचं रान धरलं. तोड झाल्यावर उसाचं जे वाळकं पाचट राहतं, त्याचा घराएवढा ढीग लावला आणि त्यात उलटे-सुलटे पडायला सुरुवात केली. कधी आधी गाडी यायची, कधी आधी साडू. पाचटातून निघाले की कानात, मिशीत, बनियनमध्ये पाचटच. त्या रानात बिबट्या होता. तो म्हणे त्याच आठवड्यात बिऱ्हाड उचलून पारनेरकडं गेला, आणि गावकऱ्यांनी साडूंना पेढे दिले.

या सगळ्या धामधुमीत एकच माणूस त्यांच्याकडं बघत नव्हतं, ते म्हणजे ताई. सरावाला डबा घेऊन यायच्या, पण यायच्या त्या पाठ करून बसायच्या. मांडीवर कोथिंबीर नाहीतर मेथीची जुडी, तोंड डोंगराकडं. "आपल्या माणसाची नजर लई वाईट लागती," एवढंच म्हणायच्या. साडूंना ही गोष्ट खुपायची. दुकानात गुडघा बांधून घेताना एकदा त्यांचा चेहरा उतरलेला बघितला. "पावणं, सारं गाव बघतंय. म्हातारी, पोरं, शेरडं बघत्यात. हिनं येकदा बघावं आसं लई वाटतं. हिच्यापुढं कोलांटी मारली, की आपलं झालं बघा सगळं." मी बँडेजला आणखी एक चिकटपट्टी लावली.

चैत्रातल्या यात्रेत, बैलांच्या सगळ्या बाऱ्या, म्हणजे घाटातल्या धावा, संपल्यावर साडूंना घाट द्यायचं यात्रा कमिटीनं कबूल केलं. या वेळी पाचट नव्हतं. फळीच्या पलीकडं मातीचा भक्कम उतार, त्यावरच उतरायचं. आदल्या आठवड्यात साडूंनी ताईंना सांगून टाकलं, "तू बघणार आसशील तर मारतो. न्हाईतर राहू दे." तिसऱ्या दिवशी ताई भाकरी थापता थापता म्हणाल्या, "बघीन."

यात्रेच्या दिवशी घाटाच्या दोन्ही बाजूंना माणूस मावत नव्हतं. भोंग्यावरच्या निवेदकाला तर उधाण आलं होतं, "मंडळी, बैलांच्या बाऱ्या झाल्या, आता येकच बारी, बिनबैलाची! भिर्रर्र!" फळीच्या जवळ, दोरीला अगदी लागून ताई उभ्या होत्या, मी त्यांच्या शेजारी. पदराचं टोक दातात, मुठी आवळलेल्या, डोळे सताड उघडे. पापणीसुद्धा लवत नव्हती. खालून साडू सुटले. काय तो आवाज, काय तो धुरळा! फळीच्या पायथ्याशी त्यांनी क्षणभर मान वळवून आमच्या दिशेला बघितलं, गाडी फळीवर चढली, आणि टोकाशी जाऊन करकचून थांबली. पुढचं चाक हवेत, मागचं फळीवर. मग पोरांनी शिट्ट्या मारल्या, कुणीतरी "म्हातारं भ्यालं रं!" म्हणून ओरडलं. साडूंनी वरूनच सगळ्यांना राम राम घातला आणि गाडी मागं ओढत खाली उतरवली.

घरी परतताना आम्ही तिघंच होतो. साडू गाडी ढकलत होते, ताई त्यांच्या बाजूनं, मी दोन पावलं मागं. यात्रेचा भोंगा मागं पडत गेला. शेवटी ताई म्हणाल्या, "माजीच नजर लागली."

"नजरबिजर काय न्हाई गं. तुजं तोंड बघितलं." साडू गाडीकडं बघतच बोलत होते. "आजवर मला कवा भ्या वाटलं न्हाई. आज वाटलं. आपलं काय झालं तर हिनं काय करायचं, आसं झालं बघ येकदम. इतकी वर्सं तू बघावं म्हनून जीव टाकला, आन् बघितलंस तर ही गत!"

"बघत नव्हते म्हंजे मला कळत नव्हतं व्हय?" ताईंचा आवाज एकदम चढला. "हात सोडलं की गाडीचा आवाज मधीच बसतो. परत धरलं की उठतो. तो उठंपतोर मी श्वास घेत न्हाई, ठावं हाय का? निमगावच्या रानात मनगट मुरगाळलं त्या दिवशी पडल्याचा आवाज ऐकूनच मी फुडं निघाले, तुमी घरी यायच्या आधी हळद गरम करून ठिवली व्हती, ती कुणी सांगितलं म्हनून? तुमी वर आसता तवा मी काय भाजी निवडते व्हय?"

साडू जागच्या जागी थांबले. त्यांच्या त्या भरघोस मिशीला काहीतरी होत होतं, आणि मी उगीच वाकून चपलेतला खडा काढू लागलो. ताईंनी पदरानं त्यांच्या कपाळावरचा धुरळा पुसला. "पुढल्या यात्रंला घ्या तुमची कोलांटी," त्या म्हणाल्या, "पर मी आपली पाठ करूनच बसनार. बघायचं काय माज्यानं व्हनार न्हाई."

"बरं," साडू म्हणाले.

तिथून घर अजून बरंच लांब होतं आणि रस्ता चढाचा. साडू घामानं निथळायला लागले, तेव्हा मी म्हटलं, "भाऊ, सुरू करा की गाडी, पुढं व्हा तुम्ही." त्यांनी ताईंकडं बघितलं, "हिला कुठं बसवू मागं?" म्हणत नकाराची मान हलवली, आणि घरापर्यंत ती गाडी ढकलतच नेली.