मावशीची एक रात्र

आमच्या मावशीने आयुष्यभर लॉजमधल्या खोल्या आवरल्या. काउंटरवरची घंटा वाजली की असेल तिथून "आले!" म्हणायचं आणि धावायचं. घरीही तेच, फक्त घंटेऐवजी काका. खुब्याचा सांधा झिजून पार कामातून गेला, तरी दोन्हीकडे "आले!" चालूच.

शेवटी सांधा बदलायचं ठरलं. "सकाळी ऑपरेशन, संध्याकाळी घरी," डॉक्टर मोठ्या कौतुकाने म्हणाले. "चालता आलं, जिना चढता आला की सोडतो. नाहीतर रात्रभर ठेवून घेऊ." मावशीने त्यातलं शेवटचं तेवढं ऐकलं.

दुपारी शुद्धीवर आल्यावर तिने मला जवळ बोलावलं. "मी काही आज चालायची नाही. दुसऱ्याने चादर घातलेल्या पलंगावर एक रात्र झोपायचंय मला. तू तोंड उघडू नकोस."

मला आधी हसू आलं, मग रडूच यायला लागलं. मागणं एवढंसं, आणि त्यासाठी बाईला हाड कापून घ्यावं लागलं!

व्यायाम घेणारी मुलगी आली. मावशी वॉकर धरून उठली, दोन पावलं टाकली आणि "आई गं!" करत मटकन बसली. नाटक झकास वठलं. "बरं, मग उद्या बघू," मुलगी म्हणाली.

तेवढ्यात शेजारच्या पलंगावरच्या आजोबांनी नर्सला बोलवायची घंटा दाबली.

"आले!" म्हणत मावशी उठली आणि वॉकर टेकत थेट त्यांच्या पलंगापाशी गेली. "काय हवंय, साहेब?"

मुलीने टाळ्याच वाजवल्या. मग काय, जिनाही चढावा लागला.

गाडीत मावशी खिडकीकडे तोंड करून बसली. मला त्या घंटेचा, लॉजचा, काकांचा, सगळ्यांचाच राग येत होता.

काकांनी मात्र स्वतःच्या हाताने पलंग तयार ठेवला होता. चादर तिरकी, उशीचा अभ्रा उलटा. मी नीट करायला गेले, तर मावशी म्हणाली, "राहू दे गं." मी तिला अलगद आडवं केलं, पायांमध्ये उशी ठेवली.

स्वयंपाकघरातून काका ओरडले, "अगं ए, साखरेचा डबा कुठाय?"

मावशीचे डोळे उघडले. ओठही हलले. मी तिचा हात घट्ट धरला.

पुन्हा हाक आली. मावशीने माझ्याकडे बघितलं, पांघरूण डोक्यावरून ओढलं आणि आतून म्हणाली, "सांग त्यांना, मी अजून हॉस्पिटलातच आहे."