काचेतली मोट

"नाकं धरा गं बायांनो, ढोराघरची मोट आहे!"

मालतीताई हे बोलल्या ते व्हिएन्नातल्या एका संग्रहालयात, काचेच्या पेटीसमोर. आम्ही नऊजणी होतो, हैदराबादच्या आमच्या मराठी मंडळाच्या सहलीतल्या. सकाळपासून राजवाडे झाले, राण्यांचे झगे झाले, सोन्याचे काटे-चमचे झाले. मग या दालनात शिरलो तर समोर आपली विहिरीतून पाणी उपसायची मोट. चामड्याची, सोंडेसकट. खाली पाटी : हैदराबाद संस्थान.

"आमच्या मळ्यावर अश्शीच होती," मालतीताई सांगायला लागल्या. त्या विद्यानगरच्या, घरची पूर्वी मोठी शेती, आता दुकान. "नवी मोट शिवून आली की सासूबाई आधी गोमूत्र शिंपडायच्या. मगच विहिरीत सोडायची. आणि ही येडी लोकं बघा, काचेत मांडून बसलीत!"

सगळ्या खो खो हसल्या. रुमाल, मफलर, हाताला येईल ते नाकाला लावलं. कुणीतरी फोटो काढला.

मीही हसले. मीही ओढणी नाकाला लावली.

मी ढोर. कातडं कमावणाऱ्यांची, मोटा शिवणाऱ्यांची पोर. माझ्या आजोबांनी उभा जन्म मोटा शिवल्या. त्यांची मोट दिवसातून शंभरदा विहिरीत बुडायची. त्यांना तहान लागली तर मात्र लांब उभं राहून ओंजळ पुढं करायची, कुणी वरून ओतेपर्यंत. पुढं इंजिनं आली, मोटा गेल्या. बाबा गाव सोडून हैदराबादला आले आणि तिथल्या कोठी भागात जुन्या पुस्तकांच्या दुकानांसमोर चपला-बॅगा शिवायला बसले. त्याच दुकानांतली पुस्तकं वाचून मी बँकेत अधिकारी झाले.

आडनाव गावावरनं, शेवटी 'कर'. मंडळात कुणी थेट विचारलं नाही, मी सांगितलं नाही. सहलीत मालतीताई माझ्याच खोलीत होत्या. "तुमच्यात रुखवतात काय काय मांडतात हो?" त्यांनी एकदा चाचपून पाहिलं. "तुमच्यासारखंच," म्हणून मी मोकळी. वीस वर्षं अशी मिठाची गुळणी धरून बसले होते.

काचेतून कसला आलाय वास? आणि माझा हात कुणी धरून वर नेला नव्हता. आपणहून गेला मेला.

हैदराबादला, नल्लकुंट्याला घरी परतले. बाबा आता ऐंशीचे. "दाव की फोटू," म्हणाले. चष्मा लावून एकेक बघायला लागले. मंडळाच्या ग्रुपवर आलेला तो नाकं धरलेला फोटो मधे आहे हे माझ्या ध्यानातच नव्हतं. बाबांनी दोन बोटांनी तो मोठा केला आणि मोटेवर थांबले.

"ह्यो आपल्याकडचा टाका हाय. कातड्याची वादी आतनं फिरवलीया बघ. थेंब गळत न्हाई."

केवढे खूश झाले होते! मग त्यांनी फोटो बाजूला सरकवला. तिथं मी. ओढणीसकट.

"वास येत व्हता का गं, बाई?"

टोमणा नव्हता हो. खरंच विचारत होते. आयुष्यभर लोकांची नाकं धरलेली बघितलेला माणूस. त्याला वाटलं, येतही असेल. धरणीनं पोटात घ्यावं असं झालं मला. "नाही बाबा," एवढंच म्हटलं. त्यांनी फोन हळूच टेबलावर ठेवला आणि हात धुवायला उठले.

पुढच्या रविवारी विद्यानगरला मंडळाचा कार्यक्रम होता. सहलीचे फोटो पडद्यावर, सांगायला मालतीताई. तो फोटो आला. सभागृह हसलं. मी उठले. माईक घेतला.

"ही मोट आमच्या लोकांनी शिवलेली आहे. मी ढोर. तिथं कसलाही वास नव्हता. मी नाक धरलं ते तुमच्या भीतीनं."

मालतीताईच आधी बोलल्या. "अगोबाई, आधी सांगायचं ना! तुमच्यासमोर आम्ही असं बोललो असतो का?"

"नाही. माझ्या माघारी बोलला असतात."

त्यांनी पुढचा फोटो लावायला सांगितलं. कार्यक्रम पुढं सरकला. चहाच्या वेळी माझ्या शेजारच्या दोन्ही खुर्च्या रिकाम्या होत्या. मी माझा चहा सावकाश प्यायले.

माझी लाज काही गेलेली नाही. माईकवर चार वाक्यं बोलून ती जाते होय? बाबा हात धुवायला उठले होते, ते मला दिसतच राहतं. तो फोटो मी पुसलेला नाही, पुसणारही नाही.

पुढच्या महिन्यात मंडळाची बैठक आहे. बाबा नको नको म्हणतायत. पण मी त्यांना नेणार आहे आणि पहिल्या रांगेत बसवणार आहे. मी त्यांच्या शेजारी बसणार. ज्याला नाक धरायचंय, त्यानं आमच्या तोंडावर धरावं.