मासिकात नसलेली भाकर

आईच्या ट्रंकेतली जुनी मासिकं मी मागितली तेव्हा ती म्हणाली, "कशाले पाह्यजे तुले? जुनं झालं थे सगळं." महिला दिनाच्या कार्यक्रमात वाचून दाखवायची आहेत, असं मी सांगितलं. तिनं किल्ली दिली, पण तिचा चेहरा उतरला होता. मला वाटलं, ट्रंकेवरचा पसारा हलवावा लागेल म्हणून कुरकुरते आहे. आईच्या चेहऱ्यावरचं काही समजून घ्यायचं झालं की मला नेहमी सगळ्यात सोपा अर्थ सुचतो.

मी वर्ध्याला कॉलेजात शिकवते आणि शनिवारी एसटीनं आर्वीला आईकडे येते. त्या रात्री मासिकं चाळताना मला इतकं हसू आलं की काही विचारू नका. मुखपृष्ठावरची बाई नेहमी नुकतीच न्हाऊन आलेली, अंबाड्यात गजरा, हातात निरांजन नाहीतर बाळ. आतल्या पानांवरची बाई कधी दमत नसे, कधी चिडत नसे. पती कचेरीतून येण्याआधी तिनं तोंड धुवून, पावडर लावून, मुलांना गप्प करून दारात हसत उभं राहायचं. आमच्या गल्लीत कचेरीतून येणारा नवराच नव्हता. माझे बाबा शाळेतून यायचे, बाकीचे वावरातून, चिखलाचे पाय घेऊन. आणि आर्वीच्या उन्हात राहणाऱ्या आम्हा लोकांसाठी प्रत्येक अंकात स्वेटरचे दोन-दोन नमुने.

ही मासिकं आई दुपारी ओसरीवर बसून मोठ्यानं वाचायची. गल्लीतल्या बायका गहू निवडत, वाती वळत ऐकायच्या. त्यांच्यापैकी कुणाला वाचता येत नव्हतं. बाबा मास्तर म्हणून आईला त्या मास्तरीणबाई म्हणत. समोरच्या घरातली मावशी तेव्हा नवीन लग्न होऊन आलेली, वाळून काडी झालेली. ती दाराशी बसायची आणि सासूची हाक आली की अर्ध्यातून उठून पळायची. मी तेव्हा शाळकरी. मला ते वाचन कंटाळवाणं वाटायचं, मी बाहेर खेळायला जायचे. आई मात्र रोज शेवटी जेवायची, उरलंसुरलं. मोठी झाल्यावर मी ठरवून टाकलं की हे सगळं त्या मासिकांनी तिच्या डोक्यात भरलं. तेच मी आर्वीतल्या त्या कार्यक्रमात बोलले. माझी आई या मासिकांच्या शाळेत शिकली, असं वाक्य मी खास तयार केलं होतं. आई पहिल्या रांगेत बसली होती, तिच्या शेजारी मावशी.

लोक हसत होते, त्यामुळे मला चेव आला. मी सल्ल्याचं पान उघडलं. एका सुनेचं पत्र होतं. सासू तिला सगळ्यांत शेवटी वाढते, भाकरीच्या टोपल्यात काही उरत नाही. ती घरी शिवणकाम करीन म्हणते तर नवरा म्हणतो, लोक काय म्हणतील. उत्तरात सल्ला देणाऱ्या ताईंनी लिहिलं होतं की सासरची माणसं हळूहळू आपली होतात, सुनेनं सोसायला शिकावं, आणि शिवणाची हौस असेलच तर घरच्यांचे कपडे शिवावेत. मी नाटकी आवाजात वाचलं. हशा झाला.

"पुढचं वाच ना," मावशी बसल्या जागेवरून म्हणाली.

"पुढे काही नाही, मावशी. संपलं."

"असं कसं? भाकरी करता करताच आपली एक भाकर बाजूले काढून ठेवाची, त्यात पाप नाई. आन् मशीन घ्याची, गल्लीचे कपडे शिवाचे. थे वाच."

मला वाटलं, तिची कुठल्या तरी दुसऱ्या अंकाशी गल्लत होते आहे. तिथंच थांबायला हवं होतं. पण माझ्यातली शिक्षिका कुठे ऐकते? मी व्यासपीठावरून उतरले, पान तिच्यासमोर धरलं आणि एकेका ओळीखाली बोट ठेवून पुन्हा सगळं वाचून दाखवलं. "बघ, कुठेच नाही." मागच्या रांगांमध्ये पुन्हा थोडं हसू उमटलं.

मावशीनं पानावरून हात फिरवला. मग ती आईकडे वळली. "मास्तरीणबाई, मी देवापुढं उभी राहून सासूले सांगतलं होतं, पुस्तकात लिहिलं आहे म्हणून."

आई लुगड्याच्या काठाकडे बघत होती. "हो," एवढंच म्हणाली.

मला सगळं तेव्हा कळलं: छापलेलं बाजूला ठेवून आईनं ते उत्तर आपल्या मनानं वाचलं होतं. मावशीची सासू छापलेल्या कागदाला पाय लागला तर नमस्कार करणारी बाई होती. पुस्तकात आहे म्हटल्यावर ती गप्प बसली असणार. मावशीनं माहेराहून मशीन आणली होती. गल्लीतल्या सगळ्या बायकांची पोलकी तीच शिवायची, माझे शाळेचे फ्रॉकसुद्धा. सासू जाईपर्यंत तिला वाटत होतं की आपण खरं बोललो. सासू गेल्यावरही तसंच वाटत होतं. मी येऊन बोट ठेवेपर्यंत.

घरी आल्यावर मी आईला विचारलं, "तू ते का बदललंस?"

"मंग काय वाचू? थी समोर बसली होती. जसं छापलं तसं वाचलं असतं तर थी उपाशीच मेली असती."

"मग हे माझं मत आहे असं सांगायचं ना."

"माह्यं मत कोण ऐकते? छापलेलं ऐकते."

"आणि तू? तू स्वतः तर शेवटीच जेवायचीस."

"मले वाचता येत होतं ना," आई म्हणाली. "काय लिहिलं आहे थे मले माहीत होतं."

मी तिची माफी मागितली. ती अंथरूण घालायला लागली. मला रात्रभर लाज वाटत होती. एवढी पुस्तकं वाचून, बायकांच्या चळवळीवर भाषणं देऊन, मी माझ्या आईला चार लोकांत मूर्ख ठरवलं होतं, आणि वर खोटारडीही.

ओसरीवरच्या बाकीच्या बायका एकेक करून गेल्या, पण मावशी आजही दुपारी पेपर ऐकायला येते. आई भिंग लावून वाचते. त्या आठवड्यात मावशी आली नाही. मी वर्ध्याहून फोन केला की आई म्हणायची, "तिच्या घरी पाहुणे असतील." मग दुसऱ्या दिवशीही तेच.

पुढच्या शनिवारी मी आले आणि दुपारी मावशी सुपात गहू घेऊन दारात उभी राहिली. मला हायसं वाटलं. आईचा चेहरा उजळला. तिनं लगबगीनं चष्मा लावला, भिंग शोधलं, पेपर मांडीवर घेतला. मावशी नेहमीच्या जागी भिंतीला टेकून बसली आणि गहू पसरले.

"राहू द्या, मास्तरीणबाई," ती शांतपणे म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. "पोरगी आली आहे ना, तिले वाचू द्या. थी लिहिलं तसंच वाचते."

आईनं पेपर माझ्याकडे दिला. चष्मा काढून डबीत ठेवला आणि चहा मांडते म्हणून आत गेली. मी पहिल्या पानावरची पहिली बातमी वाचायला लागले, लिहिलं होतं तशीच. आतून भांड्याचा आवाज येईल म्हणून वाचता वाचता कान देत होते. बराच वेळ काही आवाज आला नाही.