घरावरून जाणारी शर्यत

कोआमो गावातली धावण्याची शर्यत दरवर्षी नेरेइदाच्या घरावरून जायची. शाळेत स्वयंपाक करणारी नेरेइदा फाटकात उभी राहून धावणाऱ्यांना संत्र्याच्या फोडी वाटायची. वयाच्या छपन्नाव्या वर्षी मात्र तिने स्वतःचंच नाव घातलं. नवरा विल्फ्रेदो हसला, "घर दिसलं की तू आत शिरशील, बघ!"

अगदी तसंच झालं. चढ संपवून ती घरापाशी पोचली, तेव्हा पायांत गोळे आले होते. ती थेट फाटकाकडे वळली, तर आतून कुलूप! पलीकडे विल्फ्रेदो पाण्याची नळी घेऊन उभा.

"अरे, उघड ना! जरा टेकते."

"किल्ली सापडत नाहीये," म्हणत त्याने तिला नखशिखांत भिजवलं. "पळ, म्हातारे!"

"घरी आले की बघतेच तुला!"

सगळी आळी खिदळली. नेरेइदालाही हसू आवरेना, आणि हसता हसताच तिचे पाय पुन्हा चालू लागले.

शर्यत जिथे संपायची त्या चौकात ती पोचली, तोवर बहुतेक लोक जेवायला पांगले होते. ढोल वाजवणारे तेवढे मागे थांबले होते. तिला बघताच त्यांनी ताल धरला, आणि रेषा ओलांडून नेरेइदा धापा टाकत त्यांच्यापुढे नाचायलाच लागली.